हात लावू नका

“यांना सांगा, मदरबोर्ड गेलाय.”

कॉम्प्युटरच्या दुकानातून आलेला माणूस हे नदाफमामांना म्हणाला. ‘यांना’ म्हणजे मला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसलो होतो.

नदाफमामा आमचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले. दुकानवाल्याला घर सापडेना म्हणून त्याला घेऊन आले होते, एवढाच त्यांचा या प्रकरणाशी संबंध. तेही गोंधळले.

“मला काय सांगतोस बाबा? मशीन त्यांचं आहे. त्यांना ऐकू येतंय की.”

“तसं नव्हे मामा. पण त्यांना दाखवणार कसं?”

मला दिसत नाही. चौथ्या वर्षी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. पण डोळे गेले म्हणजे कानही गेले असणार, आणि कानांबरोबर थोडी अक्कलही गेली असणार, असं धरून चालणारी माणसं भेटली की आजही माझं डोकं फिरतं. आमच्या मिरजेत तर आणखी एक तऱ्हा आहे. आंधळा म्हटला की त्याला गाणं येतच असणार, अशी गावाची खात्री. मला सा आणि म यांतला फरक कळत नाही. पण यंत्रांचे आवाज कळतात.

“कशावरून मदरबोर्ड?” मी विचारलं.

“अनुभव आहे ना. पंखा फिरतोय, स्क्रीनवर काही येत नाही. म्हणजे बोर्ड गेला.”

“आणि ती शिट्टी वाजते, तिचं काय?”

“कसली शिट्टी?”

मी बटण दाबलं. पंखा घरघरला आणि पेटीच्या पोटातून एक लांब शिट्टी आली. थांबली. पुन्हा तेवढीच लांब. पुन्हा थांबली. रोज चालू होताना फक्त एकदाच, बारीक ‘टुक’ असं वाजायचं. आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी मी बँकेतून घरी येऊन मशीन लावलं, तेव्हापासून हे असं सुरू होतं.

“ते वाजतं असंच,” तो म्हणाला. “मशीन दुकानात न्यावं लागेल. पंधरा दिवस धरा. फॉर्मॅट मारून एकदम कोरं करून देतो.”

“कोरं म्हणजे?”

“आतलं सगळं जाईल. नाहीतरी तुमचं काय असणार आहे त्यात?” मग आवाज मऊ करून, लहान पोराला समजवावं तसं तो म्हणाला, “काका, खरं सांगू? तुम्ही कशाला या फंदात पडता? मस्त रेडिओ ऐकायचा. आणि आता हे उघडून बिघडून बघू नका हं. हात लावू नका. शॉक बसेल.”

ही २००७ सालची गोष्ट. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. वीस वर्षं एका सहकारी बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करत होतो. त्या माणसाचा ‘काका’ मी नक्कीच नव्हतो.

“पेटी इथंच राहील,” मी म्हणालो. “तुम्ही या आता.”

तो गेला. नदाफमामा जरा वेळ उगाच उभे राहिले. “श्रीपाल, दुसरा माणूस बघू का?” म्हणाले. मी नको म्हटलं. ते गेल्यावर मी दार लावलं आणि बराच वेळ त्या पेटीवर हात ठेवून बसलो. पत्रा अजून कोमट होता.

त्या पेटीत माझं काय होतं, ते सांगायला हवं.

आई होती तोवर मला आलेली पत्रं आई वाचून दाखवायची. बँकेची, दवाखान्याची, मित्रांची. ती वाचायची छान, पण गाळून वाचायची. मनाला लागेल असं काही आलं की तिचा श्वास किंचित अडायचा आणि ती पुढच्या ओळीवर जायची. मला कळायचं. मी कधी बोललो नाही. तिच्यापाशी भांडावं असं त्यात काय होतं? तिनं जन्मभर माझ्यासाठी सगळं केलं. इतकं केलं, की एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कधी गॅस पेटवला नव्हता.

कॉम्प्युटर घेतला तो तीन वर्षांपूर्वी. त्यात पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. ते नाकातून इंग्रजी बोलायचं, म्हणून आई त्याला ‘साहेब’ म्हणायची. “तुझा साहेब आज फार बडबडतोय रे,” असं. कागद स्कॅनरवर ठेवला की साहेब वाचायचा. इंग्रजी स्वच्छ वाचायचा, मराठीचा पार चुथडा करायचा, पण एक अक्षर गाळायचा नाही. वाईट बातमीही त्याच सुरात द्यायचा. माझ्या आयुष्यातलं कुणी न गाळलेलं पहिलं पत्र मी त्या मशीनवर ऐकलं. ते बँकेचं होतं. मला बढती नाकारल्याचं. आईनं ते आधी मला वाचून दाखवलं होतं आणि म्हणाली होती, “काही नाही, साधं परिपत्रक आहे.”

जूनमध्ये आई गेली. सप्टेंबरपर्यंत मी एकटा राहिलो. गॅस पेटवायला शिकलो, दोन वेळा बोटं भाजली, भात जमायला लागला. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळे बँकेतून आल्या आल्या घाई उडायची. पण जमत होतं. आणि माझा थोरला भाऊ पारिसदादा पुण्याहून दर दोन दिवसांनी फोन करत होता.

“श्रीपाल, हट्ट सोड. आमच्याकडे ये. वहिनीनं तुझी खोली तयार केलीय.”

“दादा, मी इथं ठीक आहे. नोकरी आहे. वाचायला मशीन आहे.”

“आणि ते मशीन बंद पडलं तर?”

“दुरुस्त करीन.”

मी हे बोलून गेलो होतो. दादा हसला नव्हता. “रविवारी येतो. समोरासमोर बोलू,” म्हणाला होता. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, मशीन बंद पडलं. माझ्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार मुका झाला.

शुक्रवारी संध्याकाळी, दुकानवाला गेल्यावर, मी सोलापूरला फोन लावला. रेणुका बिराजदारला. रेणुका जन्मापासून अंध, तिथल्या शाळेत अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. पुण्यात एका शिबिरात आमची ओळख झाली होती. बोलणं तिखट, पण माणूस पक्का.

“मदरबोर्ड गेला म्हणतोय,” मी सांगितलं.

“काय ओ चौगुले, तुम्ही टेलिफोन ऑपरेटर ना? मग मशीन काय म्हणतंय ते मला ऐकवा. तो माणूस काय म्हणतो ते कशाला सांगताय?”

मी रिसीव्हर पेटीजवळ नेला आणि बटण दाबलं. शिट्टी झाली. थांबली. पुन्हा झाली. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे रेणुका खुशीत होती.

“ऐकलंत? एकसारखी लांब, पुन्हा पुन्हा. बोर्ड मेला असता तर शिट्टी मारली असती का त्यानं? मेलेला माणूस हाक मारतो होय? रॅम आहे ती. मेमरीची पट्टी. एकतर हलली असंल, नाहीतर धूळ बसली असंल. काढायची, पुसायची, परत बसवायची.”

“मी?”

“नाही, मी येते सोलापूरहून!” ती म्हणाली. मग जरा थांबून, “भीती वाटते का?”

“वाटते.”

“वाटू दे. प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. आत हात घालायच्या आधी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. आणि स्क्रू कुठे ठेवताय ते आधी ठरवा. आंधळ्याचा कॉम्प्युटर रॅमनं मरत नाही, हरवलेल्या स्क्रूनं मरतो.”

शनिवारी मी रजा टाकली. सकाळी आंघोळ करून खोलीच्या मधोमध चादर अंथरली. चार वाट्या घेतल्या आणि चादरीच्या वरच्या कडेला ओळीनं मांडल्या. पहिल्यांदा निघेल ते डावीकडच्या पहिल्या वाटीत, मग दुसरीत, असा हिशेब. मशीनच्या मागच्या वायरी एकेक करून काढल्या आणि प्रत्येकीला दोऱ्याच्या वेगळ्या गाठी मारल्या, एकीला एक, दुसरीला दोन. पेटी चादरीवर आडवी केली. मागचे चार स्क्रू काढले, लांब पहिल्या वाटीत, आखूड दुसरीत टाकले, बाजूचा पत्रा मागे ओढला आणि तो सुटून माझ्या हातात आला.

आतून धुळीचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. मी पत्र्याला हात लावला, आणि मग आत घातला.

तोवर त्या पेटीत काय असेल याची माझी कल्पनाच नव्हती. साहेबाचा आवाज तेवढा ओळखीचा. आता बोटांखाली एक गावच लागलं. मधे पंखा, त्याच्याखाली पात्यापात्यांचा जड ठोकळा. रुंद चपट्या वायरी, रिबिनीसारख्या. गोल टोप्यांची रांग. एका कोपऱ्यात नाण्याएवढी गुळगुळीत बॅटरी. पत्र्याच्या एका कडेनं माझं बोट कापलं. मी ते तोंडात धरून तसाच बसलो, आणि मला एकदम हसू आलं. तीन वर्षं मी या पेटीपुढे बसत होतो आणि सगळे मला सांगत होते, हात लावू नका. हातांशिवाय माझ्याकडे दुसरं होतंच काय?

पट्टी सापडली. दोन्ही टोकांना दोन चिमटे. रेणुकानं सांगितल्याप्रमाणे ते बाहेरच्या बाजूला दाबले आणि पट्टी टकदिशी वर आली. तिच्या खालच्या कडेला बारीक दात होते, नखाला जेमतेम लागतील इतके. मी ते खोडरबरानं पुसले, फुंकर मारली, पट्टी खाचेत ठेवली आणि दाबली. बसेना. जोर केला. पट्टी वाकल्यासारखी वाटली. पुन्हा काढली. कडेवरून बोट फिरवलं तेव्हा कळलं, मधे एक खाच आहे आणि ती बरोब्बर मधोमध नाही. मी पट्टी उलटी धरली होती. फिरवून लावली आणि दाबली. दोन्ही चिमटे आपोआप मिटले.

वायर जोडली. बटण दाबलं.

लांब शिट्टी. थांबली. लांब शिट्टी.

मी हे सगळं पुन्हा केलं. पुन्हा तीच शिट्टी. तिसऱ्यांदा केलं. अकरा वाजले, बारा वाजले. मी पोटात काही घातलं नव्हतं. रेणुकाला शाळेत फोन लावला तर ती वर्गात होती. फोन उचलणाऱ्या माणसानं तिला विचारून निरोप आणून दिला, “मॅडम म्हणाल्या, नाण्यासारखी बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा, आणि पट्टीला दुसरं घर असेल तर त्यात लावून बघा. आणि म्हणाल्या, रडू नका.”

“मी रडत नाहीये म्हणून सांगा,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. खरं म्हणजे रडण्यापासून फार लांब नव्हतो.

मी बॅटरी काढली, चौथ्या वाटीत ठेवली, आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली. दार नुसतं लोटलेलं होतं. पावलं आत आली. ती पावलं मी जगात कुठेही ओळखीन.

“श्रीपाल! हे काय करालाईस तू?”

दादा रविवारी येणार होता. तो शनिवारीच आला होता.

“कॉम्प्युटर दुरुस्त करतोय,” मी म्हणालो.

 त्याला काय दिसत असेल याचा मी अंदाज केला. जमिनीवर उघडी पडलेली पेटी, वायरींचं जंजाळ, वाट्या, माझ्या सदऱ्यावर धूळ आणि बोटाचं रक्त. आईच्या घरात, आई जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर.

“रक्त येतंय तुझ्या हाताला.”

“थांबलंय.”

“जेवलास?”

“नाही.”

“बघ,” तो म्हणाला. नुसतं ‘बघ’. त्यात सगळं होतं. मग त्यानं पिशवी ठेवली आणि तो खाली बसला. “चल, ऊठ. हात धू. मी हे सगळं गोळा करतो. पुण्याला चांगला माणूस आहे आमचा, त्याच्याकडे देऊ.”

आणि एक वाटी उचलल्याचा आवाज झाला. दुसरी उचलली. पहिलीतलं दुसरीत ओतलं.

“हात लावू नकोस!”

मी इतक्या जोरात ओरडलो की नदाफमामांच्या घरातला रेडिओ बंद झाला. आयुष्यात मी दादावर कधी आवाज चढवला नव्हता. लहानपणी माझं बोट धरून शाळेत सोडणारा तो. मला ढकललं म्हणून पोरांशी मारामाऱ्या करून फुटलेल्या ओठानं घरी येणारा तो. त्याच्यावर मी ओरडलो.

“काय केलंस तू?” मी म्हणालो. “कुठला स्क्रू कुठे होता ते मला माहीत होतं. तू उचललंस. आता मला माहीत नाही.”

“अरे, मी मदत—”

“मदत नाही ती, दादा. ती आवराआवर आहे.”

 मी चादर चाचपत वाट्या जवळ घेतल्या आणि स्क्रू बाहेर काढले. बोटांत फिरवून लांब कुठला, आखूड कुठला, ते लावायला लागलो.  एक स्क्रू पडला आणि घरंगळत गेला. मी थांबलो. दादाला तो दिसत असणार. तो उठेल, उचलून देईल, म्हणून मी वाट पाहिली. तो हलला नाही. मी रांगत जाऊन कपाटाखाली हात घातला आणि तो काढला. परत येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, दादाला उचलून देण्यापेक्षा तिथं नुसतं बसून राहणं जास्त जड गेलं असणार.

“आता काय करणार तू?” त्यानं जरा वेळानं विचारलं.

“पट्टी दुसऱ्या घरात लावणार.”

“येतंय तुला?”

“बघू.”

पहिल्या खाचेच्या शेजारीच दुसरी होती. चिमटे मोकळे केले, खाच जुळवली, दाबली. मिटले. बॅटरी परत घातली. गाठी मोजून वायरी जोडल्या. बटणावर बोट ठेवलं आणि मला ते दाबवेना. दादा समोर होता. शिट्टी झाली असती तर मी त्याच्याबरोबर पुण्याला गेलो असतो, हे मी आज कबूल करतो.

दाबलं.

टुक.

एकदाच. बारीक.

“काय झालं?” दादानं विचारलं, कारण मी तोंडावर हात घेतला होता.

“थांब.” मी साहेबाची वाट पाहत होतो. एक मिनिट झालं. दोन झाली. पंखा फिरत होता, पण साहेब बोलेना. माझं अवसान पुन्हा गळायला लागलं. मशीन उठलं होतं, पण पडद्यावर काय आहे ते मला कळायला मार्ग नव्हता.

मी जरा विचार केला. मग म्हणालो, “दादा, पडद्यावर काय आहे ते वाच.”

“इंग्रजी आहे. काळ्यावर पांढरं. थांब हं. मला वाटतं तू—”

“तुला काय वाटतं ते नको. जे लिहिलंय ते वाच. सगळं वाच, गाळू नकोस.”

त्यानं अडखळत वाचलं. कंपनीत मशीनवर काम करणारा माणूस तो, इंग्रजी बेताचं. पण एकेक शब्द वाचला. बॅटरी काढल्यामुळे मशीन आपली जुनी नोंद विसरलं होतं आणि पुढे जायला एफ वन दाबा म्हणत होतं. मी दाबलं.

“हलतंय,” दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “चित्र आलं. निळं. आता हिरवं डोंगरासारखं काहीतरी आलं. श्रीपाल, चालू झालं की रे!”

पण साहेब गप्पच होता.

“आवाज गेला वाटतं,” दादा म्हणाला. “असू दे. एवढं केलंस तरी पुष्कळ झालं.”

पुष्कळ झालं! माझ्यासाठी आवाज नसलेलं मशीन म्हणजे पत्र्याचा डबा. मी स्पीकरच्या वायरीवरून हात फिरवत मागे गेलो. तीन गाठींची वायर. पेटीच्या मागे एकासारखी एक अशी तीन भोकं शेजारी शेजारी होती. डोळसांना ती रंगानं ओळखता येतात, बोटांना तिन्ही सारखीच. मी पिन काढली आणि शेजारच्या भोकात घातली.

साहेब वाक्याच्या मधेच बोलायला लागला. नाकातून, भराभरा, त्या हिरव्या डोंगरावरच्या एकेका चित्राचं नाव घेत.

दादा दचकून मागे सरकला. मी मात्र तिथंच, पेटीच्या मागे, भिंतीला टेकून बसून राहिलो. 

मग मी भात लावला. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. काडी पेटवताना त्यानं श्वास रोखला ते मला ऐकू आलं. पण तो पुढे आला नाही. ऊन असतानाच आम्ही जेवलो. भात थोडा करपला होता. त्यानं दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर त्यानं मनातलं काढलं.

“मी एक दिवस आधी का आलो, विचारलं नाहीस.”

“का आलास?”

“उद्या सकाळी दोघं जण येणार आहेत. घर बघायला.”

मी ताट धुवायला उचललं होतं, ते खाली ठेवलं.

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. मला वाटलं, माणसं दारात आली की तू... श्रीपाल, मला जगात तोंड दाखवायचंय. लोक म्हणतात, आंधळ्या भावाला एकटा टाकून हा पुण्यात मजेत राहतोय. आणि आईनं शेवटच्या आठवड्यात माझ्याकडून वचन घेतलं. दवाखान्यात. तू बाहेर औषध आणायला गेला होतास—”

“मी औषध आणायला गेलो होतो,” मी म्हणालो.

“हो. ती म्हणाली, श्रीपालला एकटा ठेवू नकोस. मी वचन दिलं.”

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे शेवटचं बोलणंही तिनं मी बाहेर गेल्यावर केलं होतं. मला तिचा राग आला. ती गेल्यावर पहिल्यांदा, अगदी पोटातून राग आला, आणि त्याबरोबर तिची फार आठवण आली. पण आवाज मी हलू दिला नाही.

“तुझ्याकडून घेतलं,” मी म्हणालो. “माझ्याकडून नाही घेतलं. मला तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“अरे, ती आई होती.”

“होती. आणि मी तिचा एक्केचाळीस वर्षांचा मुलगा होतो. दादा, हे घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही लागेल. मी अंगठा लावत नाही, सही करतो. आणि ती सही मिळणार नाही. त्या लोकांचा नंबर सांग.”

“मी करतो फोन.”

“नंबर सांग.”

त्यानं सांगितला. वीस वर्षांची नोकरी माझी, रिसीव्हर कानाला लागला की आवाज आपोआप सरळ होतो. “नमस्कार. मिरजेहून श्रीपाल चौगुले बोलतोय. घराच्या मालकांपैकी एक. घर विकायचं नाही, तेव्हा उद्या तसदी घेऊ नका.” पलीकडचा माणूस म्हणाला, “पण तुमचे भाऊ म्हणाले की तुम्हाला...” आणि अडखळला. “दिसत नाही,” मी त्याचं वाक्य पुरं केलं. “बरोबर म्हणाले. घर तरीही विकायचं नाही.”

फोन ठेवला.  दादानं नाक ओढलं. तो रडत होता की काय, मी विचारलं नाही.

“लोकांना मी काय सांगू?” तो म्हणाला.

“माझा नंबर दे त्यांना.”

तो रात्री राहिला, आईच्या खाटेवर झोपला. रविवारी सकाळी चहा मी केला. निघताना त्यानं अंगणात उभं राहून गॅसचं बटण, नळ, मागचं दार, अशी यादी सुरू केली आणि मधेच थांबला. “बरं, येतो,” म्हणाला. पण पावलं हलली नाहीत.

“गेला नाहीस?” मी विचारलं.

“जातोय.”

“दादा, मी दार लावतोय.”

आणि मी लावलं. त्याच्या तोंडावर. कडी घातली. पलीकडे तो उभा होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि त्याला माझा येत असणार. मग पावलं निघाली, फाटक वाजलं, आणि रस्त्याच्या आवाजात ती मिसळून गेली. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. घर फार मोठं वाटलं आणि मला भीती वाटली. मी ती तशीच घेऊन आत आलो आणि ताटं घासली.

पुढची सतरा वर्षं मी त्या घरात काढली. न्हाणीत पाय घसरून हात मोडला. एकदा पडद्याला आग लागली, ती मी विझवली. मशीन आणखी पाच वेळा बंद पडलं. तीन वेळा मी केलं, दोन वेळा नाही जमलं. यातलं काहीही मी दादापासून लपवलं नाही. सगळं कळवलं, एक अक्षर न गाळता. फक्त, झाल्यावर.